चार बटणं

"काका, जरासं तिकडे पाहा," अतुल म्हणाला. नेमसिंगनं मुकाट्यानं अंगणातल्या कडुलिंबाकडे तोंड केलं. अतुल गाडीत चोरीचा अलार्म बसवायला आला होता आणि त्याच्या हातातली वायर काही संपत नव्हती.

दारव्ह्यात रामरावांच्या गाडीवर नेमसिंगला सव्वीस वर्षं झाली होती. गाड्या चार बदलल्या, ड्रायव्हर तोच. संध्याकाळी दारामागच्या खिळ्याला चाबी अडकवायची, "चाबी टांगली, भाऊ!" अशी हाक द्यायची आणि घरी निघायचं. या नव्या गाडीला मात्र चाबी लावावीच लागत नव्हती. ती खिशात असली की झालं, बटण दाबून गाडी चालू.

"चोर चाबीले हात बी लावत नाही, काका," अतुल सांगत होता. "भिंतीपल्याड यंत्र धरते, चाबीचा सिग्नल ओढते, अन् गाडी घेऊन जाते. म्हणून आता आधी गाडीतलीच चार बटणं, काचेचं, एसीचं अशी, ठरल्या वळीनं दाबा लागतीन. नाहीतर गाडी चालूच होत नाही."

"मंग चाबी कायले देते?" नेमसिंगनं विचारलं. रामरावांनी खिळा उपटला, सिग्नल बाहेर जाऊ नये म्हणून चाबी स्टीलच्या डब्यात ठेवली आणि बटणांचा क्रम एकट्यानंच पाठ केला.

आपलं काय चुकलं, हे नेमसिंगला काही केल्या उमगेना. चोर भिंतीपल्याडचा, मग तोंड आपण का फिरवायचं? तरी रामराव बटणं दाबायला आले की तो आपणहून उतरायचा आणि गाडीकडे पाठ करून उभा राहायचा. त्याला वाईट वाटायचं आणि वाईट वाटल्याची लाजही वाटायची.

एका दुपारी रामरावांच्या पत्नीला, वच्छलाबाईंना, धाप लागली. श्वास पुरेना. नेमसिंगनं त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि सवयीनं पाठ केली. रामराव पुढं बसून बटणं दाबू लागले. एकदा चुकलं, दोनदा चुकलं; तिसऱ्यांदा अलार्म असा बोंबलला की अख्खी गल्ली गोळा झाली.

"आठवूनच नाही राह्यलं रे नेमसिंग! काय करू?"

नेमसिंग वळला. "सरा, भाऊ." त्यानं पटापट चार बटणं दाबली. अलार्म थांबला, गाडी चालू झाली.

नेमसिंगनं गाडी थेट यवतमाळच्या दवाखान्यात नेली. वच्छलाबाईंना वेळेवर ऑक्सिजन मिळाला. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात रामराव त्याचा हात धरून रडले. मग डोळे पुसून त्यांनी हळूच विचारलं, "तुले कसं मालूम रे?"

"ऐकू येते ना, भाऊ. काचेचं बटण येगळं वाजते, एसीचं येगळं. सव्वीस वर्षं गाडीचेच आवाज ऐकून राह्यलो."

"हौ," रामराव म्हणाले. त्यांनी हात सोडला.

वच्छलाबाई घरी आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी अतुल पुन्हा आला आणि क्रम बदलून गेला. नेमसिंगला कोणी वावगं बोललं नाही. उलट वच्छलाबाईंनी त्याला दुधाचा चहा पाठवला. रामराव बटणं दाबायला गाडीत बसले. नेमसिंगनं कप कठड्यावर ठेवला, लिंबाकडे तोंड केलं आणि दोन्ही हात कानांवर घट्ट धरले.