बारवेच्या पायऱ्या

धर्मराजच्या घोट्यातून नारू निघायला लागून सहा दिवस झाले होते. झुंबरबाई उंबऱ्यात बसून तो पांढरा, दोऱ्यासारखा जंत काडीवर गुंडाळत होती. रोज एक बोट, त्याहून जास्त नाही. ओढला की तुटतो, आणि आत तुटला की पाय नासतो.

"आये, आज दोन बोटं घे की. खळ्यावर कणसं पडल्यात."

"गप बस. तुझ्या बापानं अशीच घाई केल्ती. बघ, बसलाय खाटंवर."

वाकड्या गुडघ्याचा रखमाजी खाटेवरून म्हणाला, "सांग, सगळ्या गावाला सांग. दवंडी पिटव."

तेवढ्यात कचरू कोतवाल दारात आला. "झुंबरमावशी, साहेब उद्या येऊन राह्यलेत, बारव बघायला. पाटलाचा हुकूम हाय, नारूवाले सगळे माळावरच्या गोठ्यात हलवायचे."

"का रं? अर्जी तर नारूचीच केल्ती ना?"

"गावाची इज्जत जाईल म्हणत्यात. सतरा माणसं लंगडत पुढं आली तर साहेब काय म्हणंल?"

"खरं हाय तेच म्हणंल."

"मावशी, मला नगं सांगू. मी हुकमाचा ताबेदार."

निजामाच्या राज्यातलं ते गाव एका बारवेवर जगत होतं. पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, घागर बुडवायची. देवीची लस टोचायला आलेल्या डॉक्टरनं आदल्या साली सांगितलं होतं, की नारूचा पाय पाण्यात बुडला की त्याचं बी पाण्यात उतरतं. ते पाणी जो पितो त्याला वर्षानं नारू निघतो. पायऱ्या बंद करा आणि वरून दोरानं पाणी शेंदा. पण बारव सरकारी. तिचा दगड हलवायचा तर परवानगी पाहिजे. उर्दूत अर्जी लिहून घेतली, सगळ्यांनी अंगठे दिले, आणि चौदा महिन्यांनी साहेब निघाला.

भुजंग पाटलानं मग गाव कामाला जुंपलं. लग्नघर सजवावं तशी बारव सजवली. बायकांनी पायऱ्यांवरचं शेवाळ खरवडलं, दगडांना चुना फासला, सात आसरांच्या, पाण्यातल्या देवींच्या, कोनाड्याला झेंडूच्या माळा घातल्या. झुंबरबाईनंही चुना फासला. सगळ्या फासत होत्या, आणि आपलं गाव परक्यासमोर घाण दिसू नये असं तिलाही वाटलं. साहेबाला प्यायला दोन कोसांवरून, दुधना नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यातून पाणी आणायचं होतं. त्यातल्या दोन घागरी तिच्याच डोक्यावरून आल्या.

ती पाण्याला गेली होती तेव्हा पाटलाच्या माणसांनी धर्मराजला उचलून गोठ्याकडे नेलं. दारातून काढताना काडी चौकटीत अडकली आणि नारू तुटला.

साहेब सर्वांत वरच्या पायरीवर उभा राहिला. नाकाला रुमाल लावून खाली बघत म्हणाला, "वाह! बहुत साफ!" कोंबडी खाल्ली, झिऱ्याचं पाणी प्याला, पाण्याची तारीफ केली आणि उन्हं तापायच्या आत घोड्यावर बसून गेला. माळावर सतरा माणसं शेणामुतात बसून होती. त्यांना भाकरी नेऊन द्यायचंही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

महिन्यानं चावडीत हुकूम वाचला. बारव उत्तम. गावात नारूचा एकही रोगी नाही. खोटी अर्जी करणाऱ्यांना सक्त ताकीद.

तोवर धर्मराजचा पाय मांडीपर्यंत सुजून फुटला होता. पोरगा वाचला, पण घोटा लाकडासारखा ताठला. झुंबरबाईनं हुकूम ऐकला आणि स्वतःच्या हातांकडे बघितलं. ह्याच हातांनी चुना फासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पहार घेऊन बारवेवर गेली आणि काठावरचा दगड उलथून पायऱ्यांवर ढकलला. आवाजानं गाव गोळा झालं. भुजंग पाटील धोतर सावरत आला.

"झुंबरे, हात थांबव! सरकारनं चांगली म्हणलेली बारव हाय ही. पंचनामा होईल."

"होऊ द्या. पंचनाम्याला साहेब येईल ना? ह्या खेपी त्याला हितलंच पाणी पाजा."

मागं कुणीतरी हसलं. पाटील आणखी चिडला.

"आन आसरा कोपल्या म्हंजी?"

"त्यांच्या पाण्यात आपण रोज पू धुवून राह्यलो, तवा न्हाई कोपल्या?"

"तुझ्या पोराचा पाय गेला म्हणून तू येड्यावाणी करून राह्यली. बाकीच्यांनी का तुझ्या नादी लागावं? माझ्या घरात हाय का कुणाला नारू?"

"हाय," मागून आवाज आला.

पाटलीण होती, चतुराबाई. ती कधी बारवेवर येत नसे, तिचं पाणी घरपोच जाई. गर्दीतून ती पुढं आली आणि सगळ्या गावादेखत तिनं लुगडं पोटरीपर्यंत वर उचललं. पोटरीला चिंधी होती, चिंधीत काडी.

"तीन साल झाले. दार लावून काढून राह्यले. बाहेर कळू द्यायचं न्हाई, असा ह्यांचा हुकूम."

माणसांनी माना खाली घातल्या. पाटलाचं तोंड राखेसारखं झालं.

"घरात चल."

"आधी दगड उचला, मंग चलते."

पाटलानं दगड उचलला नाही. पण कचरूनं उचलला, आणि मग कुणाचे हात थांबले नाहीत. पाच दिवसांत पायऱ्या बुजवल्या, तोंडावर भिंत घातली, आडवं लाकूड टाकून चाक बसवलं. महारवाड्यातल्या माणसांनी सगळ्यांत जास्त दगड वाहिले. पाणी देताना गावानं त्यांना कायम लांब उभं केलं होतं, नारू मात्र बराबर पोचवला होता. दोराला कुणी शिवायचं यावर त्या पाच दिवसांत कुणी बोललं नाही. पुढं बोलले. असल्या गोष्टी बोलायची लाज त्या गावाला कधी नव्हतीच.

पहिली घागर धर्मराजनं भिंतीला टेकून शेंदली.

"संपला म्हणायचा नारू, मावशी," कचरू म्हणाला.

"कुठं संपला? वरीसभर तेच पाणी प्यालोय. पोटात बसलाय त्यो. पुढल्या चैतात निघंल."

"मंग ह्याचा काय उपेग झाला?"

"त्याच्या पुढल्या चैतात निघायचा न्हाई."

पुढल्या चैत्रात बावीस जणांना नारू निघाला. आसरा कोपल्या, असं म्हणत लोक झुंबरबाईच्या दारात येऊन शिव्या देऊन गेले. ती जोंधळे पाखडत ऐकत राहिली.

त्याच्या पुढल्या चैत्रात शिव्या द्यायला कुणी आलं नाही. चांगलं म्हणायलाही नाही. सगळे आपापल्या पायांनी खळ्यावर गेले होते.