मावशीचं अभ्यंग

आमच्या घरी नरकचतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत सगळ्यांची तेल लावून आंघोळ व्हावी लागते, आणि सगळ्यांमध्ये गाडी येते. जो न्हात नाही तो नरकात जातो. नरकात पार्किंगची काय सोय आहे हे माहीत नसल्यामुळे आई धोका पत्करत नाही. दर वर्षी त्या पहाटे गाडीचं इंजिन ऑइल बदलायचं, बॉनेटला उटण्याचं बोट लावायचं आणि पुढच्या डाव्या चाकाखाली कारीट फोडायचं. कारीट झाशीत मिळत नाही, म्हणून कचरिया, इकडचं तसलंच छोटं रानफळ. डावंच चाक का, तर माणूस डाव्या अंगठ्याने फोडतो. मागची दोन चाकं अंगठे म्हणून धरायची नाहीत, असा आईचा निर्णय आहे.

गाडी पांढरी आहे आणि तिचं नाव मावशी. गल्लीत मौसी. आई बरुआसागरच्या शाळेत गणित शिकवते आणि एकोणीस वर्षं मावशी तिला बेतवाच्या पुलावरून नेते, आणते. मी हिशेब केलाय, दोघी मिळून चंद्राच्या अर्ध्या वाटेवर पोचल्यात. अशा ठिकाणी कुणाला उतरवणं बरं दिसत नाही.

पण या दसऱ्यापासून मावशी निळा धूर सोडायला लागली. तेल पीत होती. बाबांनी जेवताना विषय काढला.

"अगं, आता पुरे. पुलाच्या पलीकडे बंद पडली तर एकटी काय करशील तू?"

"दोन वर्षांनी रिटायर होतेय मी. तेवढी दोन वर्षं मला हीच हवी."

"बसने जा. नाहीतर नवी घेऊ."

"नवीशी माझं काय बोलणं होणार?"

बाबा बँकेत हेडक्लार्क आहेत, ते नियमाशिवाय काही करत नाहीत. त्यांनी नियम केला. पहिल्या आंघोळीला तेल बदला. मग तिघं बरुआसागरला जाऊन येऊ. बाबा स्वतः मागच्या सीटवर उलटे बसतील, मागच्या काचेतून बघतील. धूर दिसला तर मोठ गावच्या भंगारवाल्याला फोन.

"उलटे बसणार?" आई म्हणाली.

"धूर मागे असतो," बाबा म्हणाले.

तेल आणायला मला पाठवलं. जयसिंग भैयाच्या गॅरेजमध्ये छावणीतले शिवाजीकाका आधीच स्टुलावर बसून चहा पीत होते. काका साताऱ्याचे, फौजेत सुभेदार, जगात कुठलाही प्रश्न निघाला तरी त्यांचं मत तयार असतं.

"फुल सिंथेटिक घाल, पातळातलं पातळ," ते म्हणाले. "नव्या गाड्या तेच पितात."

"काकाजी, मौसी नई नहीं है," जयसिंग म्हणाला. "अंदर की सीलें सूख गई हैं. पतला तेल तो छलनी का पानी है, सीधा निकल जाएगा."

मग त्याने दोन डबे माझ्यापुढे ठेवले. एक घट्ट तेलाचा, वीस-पन्नास नंबरचा. तो उचलला तेव्हा आतलं तेल हललं नाही, नुसतं विचारात पडल्यासारखं झालं. हा घातला की धूर लगेच दबतो, जयसिंग म्हणाला. पण थंडीत सकाळी इंजिन सुरू केलं की तेल वर चढायला वेळ लावतं, आणि तेवढा वेळ लोखंड लोखंडावर घासतं. दुसरा दहा-चाळीस, खास खूप चाललेल्या इंजिनांसाठी. त्यात असं काहीतरी असतं की सुकलेली रबरी सील हळूहळू मऊ होते.

"हळूहळू म्हणजे?"

"पाँच सौ, हज़ार किलोमीटर. परसों सबेरे तो नहीं, भैया."

मी दोन्ही डबे घेऊन घरी आलो आणि आईला म्हटलं, "घट्टच घालू. बाबांना काही दिसणार नाही. दिवाळीनंतर बदलून टाकू."

आई वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "उत्तर मागच्या पानावर बघून वर पायऱ्या लिहिल्या की मी काय करते?"

"भोपळा देतेस."

"मला एक सकाळ काढायची नाहीये, हृषी. दोन वर्षं काढायचीत."

"आणि बाबांनी मोठला फोन केला तर?"

तिने पुढची वही ओढली. "तर केला," ती म्हणाली. त्या रात्री ती दोनदा उठून अंगणात जाऊन आली. पाणी प्यायला, म्हणाली. पाणी स्वयंपाकघरात असतं.

चतुर्दशीच्या पहाटे जयसिंग आला. तेल काढण्याआधी इंजिन गरम करून घ्यावं लागतं, ते त्याने केलं. तोवर आईने दहा-चाळीसचा डबा गरम पाण्याच्या बादलीत ठेवला होता.

"दीदी, ये काहे?"

"अभ्यंगाचं तेल कोमट लागतं."

जयसिंगने खाली वाकून बोल्ट सैल केला. जुनं तेल बाहेर आलं, काळं, जाड, आवाज न करता. उटण्याचा वास अंगणभर होता, पणत्या विझत आल्या होत्या, आणि आम्ही चौघं त्या काळ्या धारेकडे बघत उभे राहिलो. परात भरली. जयसिंगने दुसरी मागितली. तीही भरली. मग बादली. जी गाडी तेल पिते म्हणून बदनाम होती तिच्यातून, मावेल त्याच्या तिप्पट तेल निघत होतं. धारेत मला रस्ता दिसायला लागला होता: आल्याचे ढीग, तळ्यातले शिंगाडे काढणाऱ्या होड्या, शाळेच्या भिंतीवर वाळत घातलेली कुणाची तरी साडी.

"ऐसा होता है," जयसिंग म्हणाला. "पुरानी गाड़ियों में."

बाबांनी घड्याळ बघितलं. "सूर्य उगवेल."

धार लगेच थांबली.

कोमट तेल आत गेलं. कचरिया फुटली. आईने आधी मावशीला ओवाळलं, नंतर बाबांना. मग त्यांनी चपला काढल्या, मागच्या सीटवर गुडघे टेकले, काचेकडे तोंड केलं आणि पाठीच्या उशीला दोन्ही हातांनी धरलं. नव्या सदऱ्यात, कपाळावर कुंकू. मी पुढे बसलो.

शहर संपलं. मावशी इतकी गुपचूप चालली होती की मी दोनदा वाकून बघितलं, चावी लावलेली आहे का. पूल आला तेव्हा खाली बेतवा होती की नव्हती, सांगता येणार नाही. पांढरं काहीतरी होतं, आणि त्यातून खडक झोपेत कूस बदलल्यासारखे वर येत होते. आई सरळ पुढे बघत होती. स्टिअरिंगवरची बोटं घट्ट.

"दिसतोय?" तिने विचारलं.

बाबा काचेच्या आणखी जवळ सरकले.

एक शिंगाडेवाला गेला, एक दूधवाला, बसथांब्यावरची चार माणसं. पुढून बघितलं तर आपली नेहमीची माणसं, कुणी आमच्याकडे लक्षही देत नव्हतं. मग मी मागे वळलो.

गाडी पुढे गेली की ती माणसं हात वर करत होती. सगळी. दूधवाला सायकल थांबवून. बसथांब्यावरच्या म्हातारीने दोन्ही हात केले. शेंगदाण्याच्या शेतातून एक आख्खं कुटुंब उभं राहिलं आणि हात हलवत लहान लहान होत गेलं. आल्याच्या ट्रॉलीवर बसलेली एक मुलगी ओरडली, "मैडम जी!" आणि तिचा आवाज आमच्यापर्यंत पोचायला बराच वेळ लागला. एकोणीस वर्षं हे चाललं असावं. पुढे बघून गाडी चालवणाऱ्याला ते कधी कळणार नव्हतं.

आणि या सगळ्यांच्या आणि आमच्या मधे, पातळ, निळसर, धूर होता.

बाबांनी उशीवरचा एक हात सोडला. आधी जरासा, हेडक्लार्कने करावा तसा, मग चांगला उंच करून ते सगळ्यांना हात करू लागले.

शाळेच्या फाटकाशी आईने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. मागे बघितलं नाही.

"धूर दिसला?"

"दिसला," बाबा म्हणाले. "थोडा आहे."

आईने चावी काढली. शाळेच्या भिंतीमागे कुठेतरी सुतळी बॉम्ब फुटला.

"मग करा फोन."

बाबांना सरळ बसायचं होतं, पण गुडघे आखडले होते. मी त्यांना बाहेर काढलं. ते चपला न घालताच पुढे गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"हे उघड जरा," ते मला म्हणाले. "तेल किती उरलंय ते काडीवर कसं बघायचं, दाखव. रोज सकाळी मी बघत जाईन. कमी असलं की घालायचं. तो दुसरा डबा बघितलाय मी. घट्ट नको, हेच घालायचं."

"आणि मोठचा?" आईने खिडकीतून विचारलं.

"त्याला दिवाळीच्या शुभेच्छा देऊ," बाबा म्हणाले, आणि काडी कुठल्या बाजूने पुसतात ते विचारू लागले.