जुळणारं उत्तर

तपासणीच्या सकाळी पाण्याशिवाय पोटात काही जाऊ द्यायचं नाही, हे गोकुळाला आता कोणी सांगायची गरज नसे. उलट तिला तो उपास आवडायचा. तिकडे बल्लारपूरहून कमळाही अशीच रिकाम्या पोटी निघाली असेल, गाडीत खिडकीशी बसली असेल, असं मनात यायचं आणि आपली भूकसुद्धा आपल्या एकटीची नाही असं वाटायचं.

गोकुळा आणि कमळा जुळ्या बहिणी. बाप तलावावर मासे धरायचा. दोघींची लग्नं एकाच मांडवात लागली. कमळा गेली बल्लारपूरला, पेपर मिलमधल्या कामगाराच्या घरी. गोकुळा सिंदेवाहीजवळच्या या गावात, पुन्हा तलावाच्याच काठावर आली. आता तिचा नवरा राहिला नव्हता. मुलगा प्रवीण आणि सून मिरची तोडायला तेलंगणात गेले होते, ते उन्हाळा तापल्याशिवाय परतत नसत. धान निघालेल्या बांध्यांमध्ये, भाताच्या त्या खाचरांत, आता लाखोळीचं कडधान्य फुललं होतं आणि घरात बोलायला कोणी नव्हतं.

जुळ्यांचा अभ्यास करणारी मंडळी गावात पहिल्यांदा आली त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी दोघींच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नेला आणि पुढे कळवलं, की तुम्ही नुसत्या दिसायला सारख्या नाही, मुळातूनच एक आहात. त्यांच्यातली दीपिका तेव्हा नवी होती. तिने समजावून सांगितलं, "मावशी, एकच धान दोन बांध्यांत लावलं असं समजा. बियाणं तेच, माती-पाणी वेगळं. कोणत्या बांधीत काय होतं ते आम्ही दरवर्षी पाहणार."

भात संशोधन केंद्रावर गोकुळा रोवणीला जाऊन आलेली. पाट्या लावलेल्या तसल्या बांध्या तिने पाहिल्या होत्या, त्यामुळे तिला हे लगेच समजलं. एवढंच, की दीपिका फरकाची वाट पाहायची आणि गोकुळा सारखेपणाची. दोघींचा रक्तदाब बरोबरीने वाढला. चष्म्याचा नंबर एकच आला. उजवीकडची दाढही दोघींची एकाच वर्षी गेली, तेव्हा गोकुळा गावभर सांगत फिरली होती.

यंदा शाळेच्या वर्गात टेबलं मांडली होती. कमळा आली ती घाईतच.

"गाडी लेट झाली वो. मले परतीची धरा लागते, नातवाची परीक्षा हाये." मग बहिणीकडे नीट पाहून म्हणाली, "वाळली गं तू."

"तू त फुगली," गोकुळा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दीपिकाने आधी कमळाचं बोट टोचलं. साखर चांगलीच चढलेली निघाली.

"मले ठाऊक हाये," कमळा म्हणाली. "पावसाळ्यापासून गोळ्या चालू हायेत."

"मले नाई सांगतलं," गोकुळा म्हणाली.

"त्यात सांगाचं काय हाये? आमच्या अर्ध्या गल्लीले हाये."

गोकुळाची साखर अगदी नीट आली. "एकदम छान, मावशी," दीपिका म्हणाली. "या वयात असा आकडा फार थोड्यांचा येतो."

"आनखी एक खेप टोच."

"कशाला?"

"मशीन चुकली असन. तिले हाये त मले पायजे."

पलीकडच्या टेबलावर दीपिकाचा सहकारी मिथुन बसला होता, तो मोठ्याने हसला. दीपिका हसली नाही. तिने दुसरं बोट टोचलं. आकडा जवळपास तोच आला.

"हाच तर आमचा अभ्यास आहे, मावशी. बियाणं तेच, पण—"

"समजलं," गोकुळा म्हणाली आणि बोटावर कापूस दाबून उठली.

रक्त दिल्यावर खायची मुभा होती. गोकुळाने डबा उघडला. भात होता आणि झिंग्यांचा रस्सा. कमळाने आपल्या पिशवीतून भाकर काढली. डॉक्टरने भात सोडायला सांगितला होता. तिने भाकरीबरोबर झिंगे मात्र आवडीने खाल्ले. गोकुळा भात खात राहिली, दोघींपुरता आणलेला तो तिला संपेना.

मग प्रश्न. एकीच्या उत्तराने दुसरीचं उत्तर बदलू नये म्हणून मिथुन कमळाला शेजारच्या वर्गात घेऊन गेला. इकडे दीपिका टॅबवर पाहून गोकुळाला विचारू लागली. चालणं किती होतं, तंबाखूचा खर्रा खाता का, घरात कोण कोण आहे. मग, "जुळ्या बहिणीशी भेटणं-बोलणं किती वेळा होतं?"

"रोज," गोकुळा म्हणाली.

थोड्या वेळाने मिथुन दारात आला. "ताई, कमळाबाईंचं सगळं झालं, पण एका ठिकाणी लाल पट्टी आलीय. पुढे जात नाही."

बाकी प्रश्नांना दोघींची उत्तरं कितीही वेगळी आली तरी चालत. भेटण्या-बोलण्याच्या या एकाच प्रश्नाला चालत नसे, कारण बोलणं काही एका बाजूने होत नाही. अशा वेळी दोघींना समोरासमोर बसवून पुन्हा विचारायचं असा नियम होता.

"रोज?" कमळा खुर्चीत टेकता टेकता म्हणाली. "कोन म्हन्ते रोज? मी त सालातून एक खेप सांगतलं. इथी भेटतो तेवढंच."

"अन् रिंग?" गोकुळा म्हणाली.

"कोनती रिंग?"

"रोज दिवा लागला का मारतो ना मी. दोनदा वाजू देतो अन् कापतो."

कमळाने कपाळावर हात मारला. "ते होय! अवो दीपिकाताई, आमच्या घरी सगळे हासते. नातू म्हन्ते, आजी, तुई बहीन वाजली पाय, दिवा लाव. मी उचलाले गेली का बंद! हातात पीठ, गॅसवर कढई, कवा उचलू?"

गोकुळाही थोडी हसली. "उचलाची नसतेच ते. वाजली म्हंजे मी बरी हावो. आपलं ठरलं होतं."

"कवा?"

पहिलेवहिले साधे मोबाइल आले आणि प्रत्येक कॉलला पैसे तुटायचे, तेव्हा ठरलं होतं. गोकुळाने वाजवायचं, मग कमळाने उलट वाजवायचं. कमळाची उलट रिंग पुढे हळूहळू बंद पडली. आपली पोचते ना, मग झालं, अशी गोकुळाने मनाची समजूत घातली. तिच्या लेखी ते बोलणंच होतं. दिवसभराचं सगळं त्या दोन रिंगांत यायचं.

"कवाचं ते, गोकुळे," कमळा म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता. "आता फोन फुकट झाला. बोलाचं असते त लोक बोलते."

मग मिथुनने हळूच विचारलं, "ताई, नुसती रिंग बोलण्यात धरायची का?"

दीपिकाने टॅबवरची सूचना वाचली. त्यात भेट होती, फोनवरचं बोलणं होतं, मेसेज होता. रिंगबद्दल काही नव्हतं. "दोघी मिळून काय ते एक सांगा," ती म्हणाली. "मी तेच भरते."

कमळाने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "लिव रोज. तिले बरं वाटते त लिव. माह्यं काय जाते?"

गोकुळा बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. तेच कपाळ, हनुवटीवर तोच खळगा. उत्तर तिच्या मनासारखं आलं होतं. पण दोन शेतांमधला धुरा ओलांडावा इतक्या सहज कमळा तिच्या बाजूला आली होती, आणि आपण काय ओलांडलं हे तिने पाहिलंही नव्हतं. तिला गाडी धरायची होती.

"नाई," गोकुळा म्हणाली. "ते पहिले जे बोलली तेच लिव. सालातून एक खेप."

"पण मावशी, तुम्ही तर—"

"दोघींचं एकच आलं पायजे ना? मंग तिचं धर."

दीपिकाने पडद्यावर बोट टेकवलं. लाल पट्टी गेली.

"जुळलं," मिथुन म्हणाला.

कमळाने पिशवी उचलली. बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "येजो एखाद्या दिवशी बल्लारपूरले," आणि मिथुनच्या मोटारसायकलवर मागे बसून स्टेशनकडे गेली.

गोकुळाचे थोडे प्रश्न उरले होते. दीपिकाने खुर्ची जरा जवळ ओढली.

"रात्री झोप लागते का, मावशी?"

"हे तिलेबी इचारलं?"

"विचारलं. पण हे जुळावं लागत नाही. तुमचं तुम्ही सांगा."

खिडकीतून तलावाची पाळ दिसत होती. तिच्यावरून गेलेल्या मोटारसायकलची धूळ अजून खाली बसली नव्हती.

"नाई लागत," गोकुळा म्हणाली.