सोडलेली तार

"पुन्हा वाजव," काकू म्हणाल्या.

मी घंटेचा आकडा दाबला. घंटा वाजली आणि त्याच क्षणी पंप सुसाट सुटला. नळी निसटली, लाल पाणी टेबलभर झालं. पाणीच होतं म्हणून बरं. पुढच्या आठवड्यात त्या नळीतून माणसाचं रक्त फिरणार होतं.

आमच्या कारखान्यात डायलिसिसची यंत्रं बनतात. प्रोग्रॅम माझा, त्यामुळे खापर माझ्याच डोक्यावर. "संध्याकाळपर्यंत दोष सापडला नाही, तर हे काम तुझ्याकडून काढून घेतो," असं साहेबांनी चारचौघांत सुनावलं होतं. शेवटी मी काकूंना शरण गेलो.

यंत्रातले सर्किट बोर्ड, म्हणजे आमच्या भाषेत कार्डं, जिथे बनतात त्या कार्ड विभागात काकू सर्वांत जुन्या. शुक्रवारी निवृत्त होणार होत्या. तीस वर्षांत त्यांचं एकही कार्ड परत आलं नव्हतं. त्यांच्या माघारी सगळे त्यांना 'बिनचूक' म्हणत; तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

यंत्रातली सगळी कार्डं आठ तारांच्या एकाच जुडग्यावर बसतात. प्रोग्रॅम त्या तारांवरून आकडा पुकारतो. ज्याचा आकडा, त्याने ओ द्यायची. प्रत्येक तारेची किंमत आधीच्या तारेच्या दुप्पट: एक, दोन, चार, असं करत आठवीची एकशे अठ्ठावीस. पंपाचा बारा, या नव्या घंटेचा एकशे चाळीस.

काकूंनी माझ्या प्रोग्रॅमकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घंटेचं कार्ड सरळ उपटून बाजूला ठेवलं.

"आता मार हाक एकशे चाळीसला."

"काकू, तिथे कुणीच नाहीये."

"मार तर खरी."

पंप फिरला. रिकाम्या घरातून ओ आली होती.

"बारा आणि एकशे चाळीस," काकू पुटपुटल्या. "फरक एकशे अठ्ठावीसचा. म्हणजे आठवी तार." त्यांनी पंपाचं कार्ड भिंगाखाली धरलं. आठवी तार जोडलेलीच नव्हती. सातच तारा ऐकणाऱ्या त्या कार्डाला दोन्ही हाका सारख्याच वाटत होत्या. पंधरा वर्षं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मला ही साधी वजाबाकी सुचली नव्हती. लाज वाटली.

कुणी सोडली ही तार? मी तावातावाने कार्डाचं ड्रॉइंग उलगडलं. कोपऱ्यात अकरा वर्षांपूर्वीची सही होती, गोलसर, ओळखीची. मी ते मुकाट्याने मिटायला लागलो.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "तेव्हा चारच कार्डं होती. वरचे आकडे कधी लागणारच नाहीत, असं मी धरून चालले."

"मग आत्ता जोडून टाका ना तार! माझंच चुकलं होतं म्हणून सांगतो मी साहेबांना. शुक्रवारी तुमचा निरोप समारंभ आहे, काकू."

"आणि बाहेर गेलेली चाळीस यंत्रं? उद्या त्यांनाही कुणीतरी घंटा बसवेल."

त्या साहेबांच्या खोलीत गेल्या, मी मागोमाग. "याचा प्रोग्रॅम ठीक आहे. चूक माझ्या कार्डात आहे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, हात मात्र पदराशी चाळा करत होते. इतकं मोठं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

शुक्रवारच्या समारंभाला काकू उशिरा आल्या. चाळीस पाकिटांत एकेक तार आणि ती कुठे जोडायची त्याची चिठ्ठी भरत बसल्या होत्या.

ते ड्रॉइंग आता माझ्याकडे असतं. त्यात बदलांचा तक्ता आहे. कारणाच्या रकान्यात आम्ही सगळे वर्षानुवर्षं 'सुधारणा' असं लिहीत आलो. शेवटच्या ओळीत गोलसर अक्षरात लिहिलंय, 'चूक. माझी.' आणि खाली सही.