पर्समधला पास

टोचलं ते पासाचं टोक—चष्म्याचं घर शोधता शोधता रीताचा हात पर्सच्या तळाशी गेला आणि एसटीच्या पासाचा लॅमिनेशन केलेला कोपरा नखाखाली घुसला. लेकीचा, आकांक्षाचा पास. आंजी ते वर्धा. तिनं हात पटकन काढून घेतला... चष्मा सापडला नव्हता, तरीही.

पुढे कुणीतरी वाचत होतं. आजचा रविवार मुलींच्या शिक्षणासाठीच्या प्रार्थनेचा; देशोदेशीच्या मंडळ्यांत म्हणे हीच उपासना चाललेली, आणि वर्ध्याच्या या लहानशा चर्चमध्ये तिची सगळी धावपळ महिला संघाची सेक्रेटरी म्हणून रीतानंच केलेली. एकेका बाईनं उठायचं, कुठल्या तरी दूरदेशीच्या मुलीची कहाणी 'मी' म्हणून वाचायची, आणि वाचून झालं की मंडळीनं एका सुरात म्हणायचं—"मुली, आम्ही ऐकतो आहोत." कागद वाटले तेही तिनंच. त्यातला सगळ्यात चांगला, म्हणजे सगळ्यात रडवणारा, महिन्यापूर्वी स्वतःसाठी ठेवून घेतला होता. तेव्हा पास पोरीकडे होता. तेव्हा सगळंच सोपं होतं बाई!

गेल्या आठवड्यात संध्याकाळची गाडी आलीच नाही. आकांक्षा वर्गातल्या रजतच्या मोटरसायकलवर बसून गावात आली, भर चौकात, वाट पाहत उभ्या आईसमोरच उतरली, आणि चहाच्या टपरीवरच्या झाडून सगळ्यांनी ते पाहिलं. पोरीनं काही लपवलं नाही, हेच जास्त झोंबलं. "गाडी नाई आली त का रातभर स्टँडवर बसू, मम्मी?" खरं होतं. खरं होतं म्हणूनच तर आवाज चढला—आण तो पास इकडे, बारावी काय घरी बसूनही देता येते! आणि नवरा, हा धर्मेंद्र, ताटातलं डोकं वर न काढता म्हणतो, "तुले पटन ते कर," आणि परत भात कालवायला लागला... अस्सा राग आला त्याचा. नाही म्हणाला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

घरातली गोष्ट घरात राहील असं वाटलं होतं. राहते कुठे? आज सकाळी नळावर शेजारची मंदाबाई भेटली. हीच ती मंदाबाई, जिच्या ओसरीवर बसून बसून रीतानं दोन वर्षांपूर्वी तिचं डोकं खाल्लं होतं—पोरीले, सपनाले शिकवा, दहावीवर थांबवू नका, माझी आकांक्षा आहे ना सोबत, दोघी एकाच गाडीनं जातील. आणि तीच बाई आज पाण्याचा पितळी गुंड भरता भरता, अगदी सहज म्हणाली,

"सपनालेबी घरीच ठेवलं म्या."

"काऊन?"

"तुमची घरी बसून राह्यली ना. तुम्ही एवढ्या शिकल्यासवरल्या बाई, तुमाले काही दिसलंच असन. मंग माही कोनाच्या भरवशावर जाईन?"

टोमणा नव्हता त्यात. असता तर झटकून टाकता आला असता. विश्वास होता, निव्वळ विश्वास, आणि तो काही रीताला झटकता येईना. तेव्हापासून तो सोबतच होता, गाडीत, चर्चच्या पायरीवर, आत्ता या बाकावरही...

"रीताबाई, तुमचा नंबर," पाळकसाहेबांच्या पत्नी सुमित्राबाई कुजबुजल्या.

ती उठली. चष्म्याविना अक्षरं फाकत होती, पण पाठच होतं सगळं.

"मी सोळा वर्षांची आहे. माझ्या शाळेची वाट लांब आहे. वाटेवर लोक मला पाहतात, आणि बोलतात. म्हणून माझ्या आईनं मला घरी बसवलं..."

चौथ्या बाकावर आकांक्षा. ना रडत होती, ना रागावलेली. नुसती सरळ पाहत होती. आणि रीता वाचता वाचता थांबली. मी कशाला भ्याले? त्या वाटेला? त्या रजतला?—तो बिचारा 'नमस्ते काकू' म्हणून गाडी वळवून गेलासुद्धा. नाही. मी टपरीला भ्याले. आंजी, रोहणा, कुठल्या कुठल्या ओसऱ्यांवर पोरींना शिकवा म्हणून सांगत फिरले, आणि आता लोक म्हणतील, बघा, हिचीच पोरगी... एवढं एक वाक्य कानावर येऊ नये म्हणून मी पोरीला दाराआड ढकललं, आणि तिच्यामागून सपनालाही. माझं नाव तेवढं स्वच्छ राहिलं. शी!

चर्चमध्ये कुणीतरी नाक ओढलं. बाईंना गहिवरून आलं, असंच वाटलं असणार सगळ्यांना.

"...मला शाळेत जायचं आहे," तिनं कसंबसं संपवलं.

"मुली, आम्ही ऐकतो आहोत," सगळी मंडळी म्हणाली. आकांक्षाचे ओठ मिटलेले होते.

बाहेर सुमित्राबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "काय वाचलं वो रीताबाई! काटा आला अंगावर. पुढच्या सालीबी तुम्हीच वाचजा." रीता हसली. लाजेनं कानशिलं तापली होती तरी हसली, इतकी सवय असते माणसाला.

स्टँडवर आंजीची गाडी लागायची होती. दोघी खांबाला टेकून उभ्या राहिल्या.

"मम्मी."

"हं."

"त्या पोरीचं पुढं काय झालं?"

"कोणत्या?" उगाच विचारलं तिनं.

"तू वाचली ते."

"कागदावर तेवढंच होतं."

"तेवढंच?"

आकांक्षानं मान वळवली आणि रस्त्याकडे पाहायला लागली. उद्या सोमवार. सकाळी मंदाबाई आपल्या ओसरीवरून या घराच्या दाराकडे पाहील. विचारणार काही नाही, फक्त पाहील, आणि दारातून कोण बाहेर पडतं त्यावर आत सपनाला हाक मारायची की नाही ते ठरवेल. रीताचा हात आपसूक पर्समध्ये गेला. पास लगेच सापडला. तिनं तो घट्ट धरला, इतका की टोक परत टोचायला लागलं. दोन पोरींची गाडी तिच्या एका मुठीत होती, आणि ती मूठ—देवा, ती मूठ अजून बाहेर येत नव्हती.