आईकडून आलेलं

लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे मुंगी म्हणायचे. बाराव्या वर्षी तीच मुंगी एक जिना चढली की पायरीवर बसकण मारायची. बसचालक असलेले तिचे वडील मनाने वाईट नव्हते, पण चिडायचे. "सोंगं नुसती! जेवायला बरं बळ येतं?"

एकदा खेळाच्या बाईंनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. दुसऱ्याच फेरीत मुंगी कोसळली. पोटऱ्या दगडासारख्या, वर उलट्या.

हॉस्पिटलात मांडीचा कणभर तुकडा काढून तपासला. मग डॉक्टरबाईंनी आईला बोलावलं.

"फुफ्फुसं धडधाकट आहेत. पण पेशींना ऑक्सिजन नीट वापरताच येत नाही. मग त्या ऑक्सिजनशिवायच काम रेटतात. त्यात शक्ती मिळते चिमूटभर, आणि रक्तात आम्ल साठतं. आपलं जिवाच्या आकांताने पळाल्यावर होतं, ते हिचं चार पावलांत होतं."

"मग ऑक्सिजन लावा ना!"

"ताई, ऑक्सिजन कमी पडतच नाहीये."

त्रास हलका करता येईल, मुळापासून बरं करणारं औषध नाही, असंही त्या म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, "पेशीतला ऑक्सिजन वापरणारा भाग मुलांना आईकडूनच मिळतो. तुम्हाला बहीण आहे?"

आई शिवणकाम करायची. दुपारनंतर मशीन चालवताना तिच्या मांड्या भरून यायच्या. वयाचं म्हणून ती सोडून द्यायची.

घरी नवरा ऐकून कितीतरी वेळ बुटाची नाडी सोडत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने मुंगीला पाठुंगळी घेतलं.

"बाबा, लोक हसतात."

"हसू देत."

पण मेहुणीचा विषय निघाला तसा तो म्हणाला, "सातवा महिना चालू आहे तिला. कशाला जिवाला घोर लावतेस?"

तरी आई बहिणीकडे गेलीच. बहिणीने सगळं ऐकून घेतलं, उद्या तपासायला चल हेही.

"केस विंचरताना हात वर धरवत नाहीत गं," ती हळूच म्हणाली. "सगळे म्हणाले, पोटुशीपणी व्हायचंच. बाळालाही होईल?"

"होईलच असं नाही."

"होणार नाही, असंही नाही ना?"

मुंगीच्या आईला खोटं बोलता आलं नाही.

"तू यायलाच नको होतंस," बहीण म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. मुंगीच्या आईने चपला घातल्या. दार ओढणार, तोच आतून आवाज आला, "उद्या किती वाजता जायचं?"