मागची रांग

फासा टेबलाच्या कडेला आपटून सहावर थांबला. नवऱ्याने टेबलावर मांडलेल्या आपल्या शिशाच्या पलटणीच्या मागच्या रांगेतला एक शिपाई दोन बोटांनी अलगद उचलला आणि डब्यात ठेवला.

“अहो, गोळी मी समोरून मारली,” ती म्हणाली. “आणि मेला मागचा?”

“पुढचा पडला की मागचा त्याच्या जागी येतो. म्हणून उचलायचा मागचा. पुस्तकात तसंच आहे.”

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.”

“नियम आहे गं,” म्हणत त्याने मोजपट्टी उलगडली. तो नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला होता. रेघ केसभर सरकली तरी त्याला जेवण गोड लागत नसे. अशा माणसाशी नियमावरून वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

पण तिचं दुखणं नियमाचं नव्हतंच. शिशाचे हे बोटभर शिपाई दोघींनी रंगवले होते. पुढची रांग पहिलीची, म्हणजे त्याच्या पहिल्या बायकोची. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. मागच्या दोन रांगा हिने लग्नानंतरच्या तीन वर्षांत रंगवल्या. दिवसभर कवळ्यांच्या कारखान्यात दाताला दाताचा रंग जुळवणारा तिचा हात. पट्ट्यांवरची शिवणसुद्धा तिने सोडली नव्हती. आणि दर रविवारी दुपारी मरायचे ते तिचेच. पहिलीचे मात्र फिक्या हिरव्या कोटात, गुलाबी गालांनी, थेट तिच्याकडे बघत ताठ उभे. डाव संपेपर्यंत एकाला ओरखडा नाही. मांडणं-आवरणंही नवराच करायचा, त्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसे.

जिवंत सवतीशी निदान कडाकडा भांडता तरी येतं. मेलेलीचा हेवा करायचा तर तोही तोंड मिटून. कारखान्यातल्या मैत्रिणीला तिने एकदा सांगून पाहिलं, तर ती पोट धरून हसली. “खेळण्यांवरून जळतेस?” हो, जळत होती. आपण या घरात मागच्या रांगेतल्या, हे तिला दर रविवारी नव्याने कळत होतं.

आज मात्र ती पुस्तक वाचून बसली होती.

“पान चाळीस,” ती म्हणाली. “दोन्ही खेळाडूंची हरकत नसेल तर पुढचा उचलला तरी चालतो. माझी हरकत नाही. तुमची?”

त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“चहा टाकतो,” म्हणाला आणि आत गेला.

एवढं साधं विचारलं तर याला चहा आठवतो! रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान एकाला तरी आज आपल्या हाताने पाडायचंच, म्हणून ती उठली, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि त्याच्या खुर्चीत बसली.

या बाजूला ती कधी बसलीच नव्हती. इथून गुलाबी गाल दिसत नव्हते. दिसत होत्या तिच्या शिपायांच्या गर्द हिरव्या पाठी, पिशव्या, टाचांना लावलेला चिखल. जिथले तिचे शिपाई उचलले गेले होते, तिथल्या फटीतून पुढची रांग दिसली. त्या शिपायांच्या पाठींना रंगच नव्हता. नुसतं करडं शिसं.

तो कपबशा घेऊन दारात थबकला.

“यांच्या पाठी?” तिने विचारलं.

“राहिल्या.” कप ठेवताना थोडा चहा बशीत सांडला. “आधी सगळ्यांची तोंडं करून घेते म्हणाली. मग दवाखाना मागे लागला.”

“मला का नाही बोललात?”

“पुढचा उचलला असता तर तुला दिसलंच असतं. पण तिचं राहिलेलं तू पुरं कर, असं कुठल्या तोंडाने सांगायचं?”

ती उठून आपल्या जागी आली, दोन घोट चहा घेतला आणि फासा टाकला. पुन्हा सहा.

त्याचा हात सवयीने मागच्या रांगेकडे गेला, मध्येच थांबला. मग त्याने पुढच्या रांगेतला पहिला शिपाई उचलून तिच्यासमोर ठेवला.

तिने तो डब्यात टाकला नाही. पाठमोरा करून खिडकीच्या उजेडात धरला. फिका हिरवा जुळवणं तिला अवघड नव्हतं, रोजचंच काम. पण तिने कपाटातून रंगांची पेटी काढली आणि आपल्या गर्द हिरव्याची बाटली उघडली.

“रंग वेगळा पडेल गं,” तो हळूच म्हणाला.

“पडू दे,” ती म्हणाली. “माझ्या बाजूने तिचाच दिसणार आहे.”